दुष्काळ निवारणार्थ जादूगार संमेलन

माझं लग्न जादूमुळे जमलं. नांदेडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात असलेले माझे मामा पत्त्यांचे खेळ करायचे, आणि लातूरला कॉलेजात फिजिक्स शिकवणारे एक गृहस्थही तसलेच उद्योग करायचे. दोघांची ओळख कुठल्याशा गणेशोत्सवात झाली. मामांनी घरी येऊन आईला सांगितलं, "मुलगा लई सज्जन आहे. सुपारीचं खांडसुद्धा खात नाही. फक्त जादू करतो." आईने विचार केला असावा की माणसाला एखादं उघड व्यसन असलेलं बरं, नाहीतर नंतर भलतंच काहीतरी निघतं. मी हो म्हणाले त्याचं कारण वेगळं होतं. मुलगी पाहायच्या कार्यक्रमात या गृहस्थांनी माझ्या वडिलांच्या कानामागून नाणं काढलं, आणि माझे वडील, जे हेडमास्तर होते आणि ज्यांच्यापुढे हसणं शाळेबरोबर घरातही मना होतं, ते चक्क हसले.

लग्नानंतर कळलं, की जादूगाराच्या बायकोला हसायचं काम नसतं. तिला पेटीत झोपायचं काम असतं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. इतकी वर्षं उस्मानाबादच्या कचेरीत खेटे घालणाऱ्या गावाला एकदम स्वतःचा कलेक्टर मिळाला, आणि गावाची चालच बदलली. ज्यांच्या पाट्यांवर कालपर्यंत 'तालुका' होतं, त्यांनी पेंटर बोलावून 'जिल्हा' करून घेतलं. जिल्हा कुस्तीगीर संघ झाला, जिल्हा बुद्धिबळ संघटना झाली, आमच्या गल्लीत चार बायका मिळून भिशी लावायच्या त्यांनीही जिल्हा महिला मंडळ करायचं ठरवलं. पाणी मात्र तालुक्याला होतं तेवढंही राहिलं नव्हतं. त्या वर्षी पाऊस तोंड दाखवून गेला होता. विहिरींचा तळ दिसत होता, नळ हे भिंतीची शोभा म्हणून उरले होते, आणि टँकर कधी येईल हे ज्याला आधी कळेल तो गल्लीतला सर्वांत मोठा माणूस मानला जाई. जिल्हा झाल्याचा आनंद आणि दुष्काळ असे दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे लोक नक्की कुठल्या तोंडाने बोलावं या विचारात असत.

अशा वातावरणात आमच्या घरच्या जादूगारांना आणि त्यांच्या मित्रांना वाटलं, की जिल्ह्याला जादूगारांचं संमेलन नाही ही मोठीच उणीव आहे.

मित्रांमध्ये मुख्य म्हणजे त्यांच्या जादूगार मंडळाचे अध्यक्ष. हे गंजगोलाईतले कापडाचे व्यापारी. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, तोंडात सदा साखर. त्यांची सगळी जादू रुमालांची होती, कारण माल घरचा. मुठीतून रुमाल, कानातून रुमाल, रिकाम्या नळीतून एकाला एक बांधलेले रुमाल. आणि प्रयोग संपला की तेच रुमाल घडी घालून दुकानात परत. मी एकदा घेतलेल्या ब्लाऊजपीसच्या टोकाला गाठीची सुरकुती निघाली होती. मी तक्रार केली नाही. कलेच्या क्षेत्रात थोडं सोसावं लागतं.

आमचे हे मंडळाचे सचिव. सचिव म्हणजे सगळं काम करणारा आणि फोटोत कडेला उभा राहणारा माणूस. मंडळात प्रत्येकाला पदवी होती. अध्यक्ष 'जादूरत्न' होते. नांदेडचे मामा 'प्रोफेसर' होते. आमचे हे कॉलेजात खरोखर प्राध्यापक असूनही त्यांना ती पदवी मिळाली नाही, कारण मामांनी ती आधीच घेतली होती आणि जावयाने सासरच्या वडीलधाऱ्याची पदवी मागणं बरं दिसलं नसतं.

संमेलनासाठी जागा हवी होती. अध्यक्षांच्या साडूचं मंगल कार्यालय होतं. दुष्काळामुळे लग्नं पुढे ढकललेली, त्यामुळे कार्यालय ओस पडलेलं. तो प्रश्न सुटला. राहिली परवानगी. नव्या कचेरीतल्या एका साहेबांकडे हे दोघे गेले, आणि घरी आले ते तोंड पाडून.

"काय झालं?" मी विचारलं.

"साहेब म्हणाले, लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही करमणूक करायलाव?"

"बरोबरच आहे की."

अध्यक्ष खुर्चीत बसले होते. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "वैनी, बरोबर हाय म्हनूनच तर अडचन हाय. त्याला काहीतरी नाव द्यावं लागंल."

नाव त्यांनीच दिलं. दुसऱ्या दिवशी अर्जाच्या वर 'दुष्काळ निवारणार्थ जिल्हास्तरीय जादूगार संमेलन' असं लिहिलं गेलं आणि परवानगी लगेच मिळाली. इतकंच नाही, तर साहेबांनी उद्घाटनाला यायचंही कबूल केलं. जादूगारांनी दुष्काळ कसा निवारायचा हे त्यांनी विचारलं नाही. बहुधा त्यांच्या कचेरीतही ते अजून ठरलं नव्हतं.

मग आमच्या घरी तालमी सुरू झाल्या. माझी पेटी बैठकीच्या खोलीत आली. मी तीत झोपायचे, हे माझ्या पोटावरून करवत चालवायचे, आणि मी आतमध्ये पाय छातीशी घेऊन स्वयंपाकाचा विचार करत पडायचे. बाहेरून ते भयंकर दिसतं म्हणे. आतून ते फक्त अडचणीचं असतं. त्या दिवसांत घरातली एकमेव निवांत जागा तीच होती हेही खरं.

यांचा स्वतःचा लाडका प्रयोग मात्र दुसरा होता. पितळेचा एक तांब्या. त्यातलं पाणी बादलीत ओतून तांब्या उपडा करून दाखवायचा, म्हणजे थेंब नाही. मग मंत्र म्हणायचा, पुन्हा ओतायचं, पुन्हा पाणी. असं अनेकदा. याचं नाव 'अक्षय तांब्या'. तालमीला पाणी लागे, आणि पाणी म्हणजे काय होतं ते मी सांगितलंच. मी एक दिवस सरळ अट घातली की मंत्र काय म्हणायचा तो म्हणा, पण ओतायचं परातीत, आणि त्यातला थेंबही जमिनीवर पडला तर पेटीत दुसरी बाई बघा. तेव्हापासून अक्षय तांब्याच्या तालमीनंतर त्याच पाण्यात मी भांडी विसळू लागले.

संमेलनाच्या आदल्या दिवशी पाहुणे आले. जादूगार म्हणून आले त्यांत खरे पोटासाठी जादू करणारे फार थोडे. बाकी सगळे हौशी. हदगावचा एक जिनिंगवाला, धर्माबादचे एक मास्तर, देगलूरचा एक मेडिकल दुकानदार. हा देगलूरकर बोलता बोलता मराठीतून तेलुगूत आणि तेलुगूतून कानडीत जाई, त्यामुळे त्याचा प्रयोग बघणाऱ्याचं लक्ष हाताकडे न राहता वाक्य कुठे संपणार इकडे लागे आणि हातचलाखी आपोआप सफल होई. सगळ्यांची उतरायची सोय आमच्यासारख्यांच्या घरी केलेली होती. पत्रिकेत स्पष्ट लिहिलं होतं, 'पाहुण्यांनी अंथरूण व पिण्याचे पाणी सोबत आणावे.'

मामा एस.टी.तून गोदावरीच्या पाण्याचा एक मोठा कॅन घेऊन उतरले. पूर्वी ते माझ्यासाठी नांदेडहून बांगड्या आणायचे. तो कॅन पाहून मला जो आनंद झाला तो बांगड्यांनी कधी झाला नव्हता.

"घे माय," मामा म्हणाले, "कंडक्टर लगेजचं तिकीट मागून राहिला होता. म्हटलं, बाबा, लेकीच्या घरी पाणी घेऊन चाललो. तर उलट मलाच विचारतो, थोडं देता का."

मुख्य आकर्षण म्हणजे बाहेरगावाहून बोलावलेले एक जादूसम्राट. यांचा स्वतःचा शो होता, चमकत्या झग्यांची पेटी होती, आणि बरोबर आलेल्या माणसाने पहिली गोष्ट सांगितली ती ही, की सम्राटांना अंघोळीला गरम पाणी लागतं, दोन वेळा, भरपूर. अध्यक्षांनी साडूंकडे पाहिलं. साडूंनी कार्यालयाच्या टाकीकडे पाहिलं. सम्राटांची अंघोळ झाली. आमच्या संमेलनात गायब झालेली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे ती टाकी.

सकाळी उद्घाटन झालं. कचेरीतल्या साहेबांनी दीप लावला आणि भाषणात सांगितलं, की जिल्ह्याच्या विकासात जादूचा मोठा वाटा असेल. त्यांना तसं म्हणायचं नसावं, पण मागच्या रांगेतले काही लोक जोरात टाळ्या वाजवू लागल्यावर त्यांनी वाक्य तसंच राहू दिलं.

नंतर परिसंवाद. जादूगारांनी जादूगारांना जादू करून दाखवणं यासारखा कंटाळवाणा प्रकार मी दुसरा पाहिलेला नाही. एकजण पत्ता गायब करतो, बाकीचे सगळे तो पत्ता जिथे आहे तिथेच बघत बसतात. आणि शेवटी कोणी म्हणतं, "छान. पण आमच्याकडे हे डाव्या हाताने करतात."

दुपारी ठराव झाले. त्यातल्या एका ठरावावर फार गरमागरमी झाली. देगलूरच्या मेडिकलवाल्याने त्याच्या सासुरवाडीत दोरीच्या जादूचं गुपित सांगितलं होतं, आणि आता तिथली शेंबडी पोरंही दोरी कापून जोडत होती. मामा उठून उभे राहिले. "घरात गुपित राहत नसेल तर कला कशी राहील? अशा माणसाला मंडळात ठेवायचं का?" मेडिकलवाल्याने तीन भाषांत माफी मागितली. मग त्याच्यापुरतं सोडून देऊन पुढच्यासाठी ठराव झाला, की जो कोणी प्रेक्षकांसमोर प्रयोगाचं गुपित उघड करील त्याचं सभासदत्व त्याच दिवसापासून रद्द. मसुदा सचिवांनी केला. आमच्या यांचं अक्षर सुरेख आहे. त्यांनी ठराव वाचूनही दाखवला, आणि तो एकमताने पास झाला.

संध्याकाळचा जाहीर कार्यक्रम उजेड असतानाच सुरू केला, कारण विजेचा भरवसा नव्हता. उकाड्यामुळे कार्यालयाची दारं सताड उघडी होती. दारासमोरच्या चौकात टँकर थांबायचा. तो त्या दिवशी येणार अशी खबर होती, त्यामुळे तिथे दुपारपासूनच घागरी, हंडे, डबे यांची रांग लागलेली. रांगेतल्या बायका उभ्या राहून राहून कंटाळल्या, तशा एकेक करून दारात येऊन कार्यक्रम बघू लागल्या. अध्यक्षांनी स्वागतात सांगितलं, "गर्दीचा उच्चांक झालेला हाय." त्यातले निम्मे लोक पाण्याला आले होते हे त्यांनी सांगितलं नाही.

अध्यक्षांचे रुमाल झाले. मामांचे पत्ते झाले. मग मला कापलं. मी पेटीतून धड बाहेर आले, दोन्ही हात जोडून नमस्कार केला, आणि पडद्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

हे तांब्या घेऊन पुढे आले. आत गोदावरीचं पाणी होतं. आमच्याकडचं गढूळ दिसतं म्हणून त्यांनी मला न विचारता मामांच्या कॅनमधलं घेतलं होतं. हे मला तिथेच, पाण्याचा रंग बघून कळलं. त्यांनी पहिल्यांदा बादलीत ओतलं, तांब्या उपडा करून दाखवला. टाळ्या. मंत्र, पुन्हा पाणी. टाळ्या. "हा आहे अक्षय तांब्या," ते म्हणाले, "याच्यातलं पाणी कधीच संपत नाही."

दारातल्या गर्दीतून एक बाई आत आली. मध्यम वयाची, लुगडं खोचलेलं, कमरेवर घागर. रांगेतून उठून आली होती. लोक तिला वाट देत गेले कारण त्यांना वाटलं हाही खेळाचाच भाग आहे. ती पायऱ्या चढून स्टेजवर आली आणि घागर यांच्यापुढे ठेवली.

"सर, ह्याच्यात ओता की," ती म्हणाली. "बादलीत कशाला वाया घालवायलाव?"

लोक हसले. हेही हसले. "बाई, हा खेळ आहे."

"खेळच हाय, म्हाईत हाय मला. पर पानी तर खरं हाय नव्हं?"

आता खोटं बोलण्यात ज्यांचा हात धरणार नाही कोणी अशा माणसांची ती सभा होती. पण आमचे हे त्या बाबतीत मंडळातले सर्वांत कच्चे सभासद. "पाणी खरं आहे," ते म्हणाले.

"मंग झालं. भरून द्या. आत्ताच म्हन्लाव, कधीच संपत न्हाई."

लोकांना आता मजा वाटू लागली. "ओता सर, ओता" असं मागून सुरू झालं. मामा माझ्या शेजारी उभे होते. ते दबक्या आवाजात म्हणत होते, "जावईबापू, पडदा. पडदा टाका." अध्यक्षांनी कार्यालयातल्या लग्नाच्या बँडवाल्यांना खूण केली, आणि बँडवाल्यांनी, त्यांना सवय होती त्याप्रमाणे, वरात मांडवाशी आल्यावरची चाल वाजवायला घेतली.

ह्यांनी घागरीत ओतलं. मग अंगठा हलला, पुन्हा ओतलं. पुन्हा. दरवेळी धार बारीक होत गेली. शेवटी त्यांनी तांब्या हलवून पाहिला आणि म्हणाले, "संपलं."

स्टेजवर उभं राहून जादूगाराने संपलं म्हणावं, हे मी तोवर ऐकलं नव्हतं. बँड बंद पडला. बाईने घागरीत वाकून पाहिलं.

"तळ बी भिजला न्हाई नीट," ती म्हणाली.

मागून कोणीतरी म्हणालं, "मग खोटं कशाला बोलता राव?" ते लागलं यांना. त्यांचा चेहरा मला ओळखीचा होता. वर्गात मुलांना गणित चुकीचं सांगितलं गेलं असं लक्षात आलं, की घरी आल्यावर ते असाच चेहरा करून बसायचे आणि दुसऱ्या दिवशी तास सुरू होताच आधी चूक सांगून मोकळे व्हायचे.

स्टेजच्या कडेला एक काळा फळा होता. लग्नात त्यावर वधूवरांची नावं लिहायचे, त्या दिवशी संमेलनाचं नाव लिहिलं होतं. ह्यांनी त्यावरचं 'दुष्काळ निवारणार्थ' हाताने पुसलं, तिथे खडूने तांब्याची आकृती काढली, आणि शिकवायला सुरुवात केली. तांब्याला दोन भिंती असतात. मधल्या पोकळीत पाणी लपलेलं असतं. गळ्याजवळ एक बारीक भोक आहे. भोकावर अंगठा असेपर्यंत हवा आत जात नाही, म्हणून पाणी अडतं. अंगठा काढला की हवा आत, पाणी बाहेर. "यात मंत्राचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "मंत्र वेळ काढायला असतो."

त्यांच्या वर्गात इतकी शांतता कधी असेल असं मला वाटत नाही. लोक माना वर करून बघत होते. माझ्या शेजारी मामांनी डोळे मिटून घेतले होते.

"एवढंच व्हय?" बाई म्हणाली. तिची निराशा लपत नव्हती. मग थोडा विचार करून तिने विचारलं, "मंग अशी घागर करता येत न्हाई का मोठी?"

"येते," हे अगदी गंभीरपणे म्हणाले. "पण आधी भरावी लागते."

"भराया असतं तर हितं कशाला आले असते मी." तिने घागर उचलली, आणि जाताना मात्र समजुतीच्या सुरात म्हणाली, "राहू द्या सर. तुमचं बी काय चुकलं न्हाई. बादलीतलं तेवढं देता का?"

ह्यांनी बादलीही घागरीत रिकामी केली. आणि त्याच वेळी चौकात टँकरचा भोंगा वाजला.

पुढचं मला वर्णन करता येणार नाही, कारण वर्णन करायला काही उरलंच नाही. खुर्च्या पडल्या, चपला राहिल्या, आणि सभागृह रिकामं झालं. जादूसम्राट झगा घालून, डोक्याला पिसाचा फेटा बांधून पडद्यामागे तयार उभे होते. त्यांनी त्यांचा संपूर्ण प्रयोग, संध्याकाळी मुद्दाम परत आलेल्या कचेरीतल्या साहेबांसमोर आणि आम्हा जादूगार मंडळींसमोर केला. साहेबही मधूनच दाराकडे बघत होते, कारण त्यांचा शिपाई कॅन घेऊन रांगेत उभा होता. सम्राटांनी एक माणूस अधांतरी उचलून दाखवला. धर्माबादचे मास्तर म्हणाले, "छान. तार दिसते थोडी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कार्यालयात तातडीची सभा भरली. सम्राट रागावून पहाटेच्या गाडीने गेले होते आणि जाण्यापूर्वी अध्यक्षांना असं काही बोलले होते की अध्यक्षांच्या तोंडातली साखर पार विरघळली होती. ठराव ताजा होता. गुपित प्रेक्षकांसमोर उघड झालं होतं, तेही आकृती काढून. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. कोणी फार वाईट बोललं नाही. अध्यक्ष म्हणाले, "सर, तुमच्याबद्दल आमाला लई आदर हाय. पर नियम तुमीच लिव्हलेला हाय." मग त्यांनी हात वर करायला सांगितलं. देगलूरच्या मेडिकलवाल्याने सर्वांत आधी केला. आणि सर्वांत शेवटी, खिशातलं काहीतरी शोधत असल्यासारखं करत, मामांनी केला.

इतिवृत्त लिहायला दुसरं कोणी नव्हतं. सचिवांनीच लिहिलं. आपल्याला काढून टाकल्याचा ठराव त्यांनी आपल्या सुरेख अक्षरात लिहिला, वाचून दाखवला, शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली आणि सही करून वही अध्यक्षांच्या हाती दिली.

दुपारी मामा आमच्याकडे जेवायला आले. मी वाढलं. वाढताना विचारलं, "मामा, तुम्हीही हात वर केलात?"

"माय, तत्त्वाचा प्रश्न होता."

"मग जेवायला इथे कसे आलात?"

"जेवणाचा आन तत्त्वाचा काय संबंध?" मामांनी भाकरी मोडली. मग यांच्याकडे न बघता म्हणाले, "जावईबापू, आकृती मात्र लई साफ काढली तुम्ही. मला स्वतःला इतक्या वर्षांत ते भोक नीट समजलं नव्हतं."

हे हसले नाहीत. "भाजी घ्या मामा," एवढंच म्हणाले.

मामा संध्याकाळच्या गाडीने गेले. रिकामा कॅन ते बरोबर घेऊन गेले, कारण तो पार्सल ऑफिसचा होता.

मंडळ त्यानंतर फार दिवस टिकलं नाही. सम्राटांना कोणी बोलावलं होतं यावरून भांडण झालं, आणि एका जिल्ह्यात दोन मंडळं झाली. जिल्हा होण्याचा फायदा असा, की संघटना फोडायला भरपूर जागा मिळते. यांचं मात्र त्यातून मन उडालं. पेटी माळ्यावर गेली, तिच्यात मी गाद्या भरल्या. मला वाटायचं, मी सुटले. पण संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर ते खुर्चीत बसायचे आणि हात नुसते मांडीवर ठेवायचे. पूर्वी ते हात कधी रिकामे नसत. बोलता बोलता बोटांतून नाणं फिरायचं, चहाचा चमचा नाहीसा व्हायचा, भाजीवाल्याला पैसे देताना त्याच्याच कानामागून काढले जायचे. मी त्या सगळ्याला इतकी वैतागले होते, की ते बंद पडल्यावर काय बंद पडलंय हे मला आधी कळलंच नाही. मग एक दिवस चहाचा चमचा जागच्या जागी सापडला आणि मला एकदम वाईट वाटलं.

तांब्या त्यांनी कॉलेजात नेला. हवेच्या दाबाचा धडा ते त्यावर शिकवू लागले. मुलांनी मंत्र म्हणायचा आग्रह केला की म्हणतही असत, आणि मग आकृती काढत. दुसऱ्या तुकडीतली मुलंही खिडकीत येऊन उभी राहायची असं त्यांचे एक सहकारी मला सांगत. घरी येऊन हे त्यातलं काही बोलायचे नाहीत. पण त्या दिवशी जेवण चांगलं जायचं.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. दोन मंडळांपैकी एकाचे लोक शाल-श्रीफळ घेऊन आले आणि म्हणाले, "सर, झालं गेलं विसरा. तुम्ही आमचे अध्यक्ष व्हा." दुसऱ्या मंडळाचे अध्यक्ष अर्थातच आमचे कापडवाले. हे शांतपणे म्हणाले, "नको. आता मी हार्मोनियम शिकतोय."

ते खरं होतं. जुन्या बाजारातून त्यांनी एक पेटी आणली होती, भात्याला चिरा पडलेली. रोज पहाटे उठून ते सा धरत. तो सा त्यांना सापडेपर्यंत आमची गल्ली जागी होई. महिनाभराने शेजारच्या वहिनी भिंतीवरून डोकावून मला विचारू लागल्या, "सरांचं ते जादूचं आता कायमचं बंद झालं का हो?"

"हो," मी म्हटलं.

आतून सा येत होता.

"बघा बोलून," त्या म्हणाल्या. "मन वळतंय का त्यांचं."